सोलापूरबाहेरच्या सोलापूरकरांनी गावातील उद्योगाला हातभार कसा लावावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे कोणासाठी आहेत?

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी सोलापूर सोडून पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळुरू येथे स्थायिक झालेल्या, तसेच आखाती देश, अमेरिका, युरोप येथे गेलेल्या सोलापूरकरांसाठी ती लिहिली आहेत. कायद्याच्या दृष्टीने या दोघांत मोठा फरक आहे. पुण्यात राहणाऱ्याला गावातील धंद्यात पैसे घालताना परकीय चलनाचे कोणतेही नियम आड येत नाहीत. परदेशात राहणाऱ्याला मात्र ‘फेमा’ म्हणजे १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या चौकटीत राहावे लागते. पुढील काही उत्तरे त्यामुळे केवळ अनिवासींसाठी आहेत आणि तिथे तसे म्हटलेले आहे. बाकी सर्व दोघांनाही सारखेच लागू पडते, आणि माझ्या मते खरे महत्त्वाचे तेच आहे.

सोलापुरात गुंतवणूक करण्याजोगे आहे तरी काय? गिरण्या तर केव्हाच बंद पडल्या.

हा प्रश्न बहुधा गाव सोडून वीस-पंचवीस वर्षे झालेल्यांकडून येतो, आणि त्यामागची हळहळ समजण्यासारखी आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू ही नावे ज्यांनी भोंग्यांसकट अनुभवली, त्यांना गिरणी बंद झाली म्हणजे गाव बंद झाले असेच वाटत राहते. परंतु कापडाचा धंदा संपला नाही; तो शहराच्या पूर्व भागातील घराघरांत आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत पांगला. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. शालेय गणवेश शिवणारे कारखाने गेल्या काही वर्षांत वाढले आहेत. सांगोला, पंढरपूर, माळशिरस या पट्ट्यात डाळिंब आहे, केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही मानांकन मिळालेले आहे, आणि शेंगा चटणी व कडक भाकरी हे दोन पदार्थ तर असे आहेत की ते आठवडाभराच्या प्रवासातही खराब होत नाहीत.

हे गाव मुळात स्थलांतरितांनीच उभे केले आहे, हेही लक्षात ठेवावे. माझे आजोबा नलगोंड्याकडून धोट्याचे कसब घेऊन इथे आले. पूर्व भागातील हजारो पद्मशाली कुटुंबांची कथा हीच आहे. याउलट १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद बाहेर पडले आणि त्यांनी जहाजापासून विमानापर्यंतचे उद्योग देशात उभे केले. येणारे आणि जाणारे, दोघांचीही या गावाला सवय आहे.

आम्ही घरी दर महिन्याला पैसे पाठवतोच. तेवढे पुरेसे नाही का?

घरासाठी ते पुरेसे असेल, उद्योगासाठी नाही. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठवले आणि जगात या बाबतीत भारताचा क्रमांक पहिला आहे. या पैशातून आई-वडिलांचा दवाखाना, बहिणीचे लग्न, जुळे सोलापुरातील सदनिका अशा गोष्टी होतात आणि त्या व्हायलाच हव्यात. मात्र सदनिका बांधून झाली की गवंड्याचे काम संपते, तर चालत्या कारखान्यातील एका शिलाई मशिनवर दररोज कोणीतरी बसते.

माझ्याकडे गुंतवायला मोठी रक्कम नाही. तरीही काही करता येईल का?

येईल, आणि रक्कम असलेल्यांनीही आधी हेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे: भांडवलाच्या आधी मागणी पाठवा.

यासाठी एकदा यंत्रमागाच्या कारखान्यात तासभर उभे राहावे. पूर्व भागातील अशाच एका शेडमध्ये मी मागील वर्षी उभा होतो. आठ माग, त्यांपैकी पाच चालू. जॅकार्डच्या दोऱ्या छतापासून खाली उतरलेल्या, मागाशेजारी कांड्यांची टोपली, आणि आवाज एवढा की मालकाने मला हाताला धरून बाहेर ओट्यावर आणले, तेव्हा कुठे बोलणे सुरू झाले. बंद असलेल्या तीन मागांसाठी बँकेचे कर्ज मिळत नाही का, असे मी विचारले. त्यांनी आतून वही आणली आणि माझ्यापुढे धरली. एका पानावर बाहेरगावच्या व्यापाऱ्याला पाठवलेल्या टॉवेलच्या गाठी होत्या, समोरच्या पानावर जमा झालेली रक्कम. दोन तारखांत पाच महिन्यांचे अंतर होते. “सूत रोखीनं घ्यावं लागतंय, कामगाराला दर आठवड्याला द्यावं लागतंय, अन् आमचे पैसे पाच महिन्यांनी. कर्ज काढून मी काय करू, भाऊ? व्याज कोण भरणार?” असे ते म्हणाले.

या वहीत सोलापूरच्या लघुउद्योगाचे दुखणे आहे. बंद मागांना नवे यंत्र नको आहे. त्यांना वेळेवर पैसे देणारे गिऱ्हाईक हवे आहे. आपण एखाद्या रुग्णालयात, हॉटेलात, शाळेत किंवा मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागात काम करत असाल, तर आपल्या हातात असलेली गोष्ट कुठल्याही मुदतठेवीपेक्षा मोलाची आहे. दोनशे टॉवेलची नमुना ऑर्डर, तिचे माप, वजन, रंगाच्या पक्केपणाची चाचणी आणि पैसे देण्याची तारीख एवढे लेखी ठरवून दिले, तरी एका कारखानदाराला त्या महिन्याचा हिशेब बसवता येतो. आणि माल नापसंत पडला तर का पडला हे त्याला मोकळेपणाने सांगावे. गावचा माल म्हणून दोष पोटात घालणे ही मदत नव्हे, कारण पुढचे गिऱ्हाईक ते पोटात घालणार नाही.

चादर किंवा टॉवेल विकत घेताना तो सोलापुरात विणलेला आहे याची खात्री करावी. बाहेरगावी विणलेला स्वस्त माल ‘सोलापुरी’ या नावाने सर्रास विकला जातो आणि त्याचा फटका इथल्या मागाला बसतो. मानांकन नोंदले म्हणजे प्रत्येक उत्पादकाला ते आपोआप वापरता येते असे नाही. त्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. ओळखीच्या कारखानदाराने ती केलेली नसेल तर त्याला अर्ज भरण्यास मदत करणे हेसुद्धा दुरून करता येण्याजोगे काम आहे.

थकलेल्या पैशांसाठी कायद्याचा आधार नाही का?

आहे, पण तो अनेक कारखानदारांना ठाऊक नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. यासाठी उत्पादकाची ‘उद्यम’ नोंदणी असणे आवश्यक आहे. ती नोंदणी पूर्णपणे मोफत आहे आणि आधार क्रमांकावर घरबसल्या होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. कायदा असला तरी कायमच्या व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार करायला कारखानदार धजावत नाही, कारण पुढच्या ऑर्डरची भीती असते. म्हणूनच दुसरे गिऱ्हाईक मिळवून देणे हाच त्यावरील टिकाऊ उपाय मला वाटतो.

मी परदेशात राहतो. गावातील कंपनीत पैसे घालण्याचा कायदेशीर मार्ग कोणता?

प्रथम हे ठरवावे की हे पैसे पुढेमागे परत परदेशी न्यायचे आहेत की भारतातच ठेवायचे आहेत, कारण कागदपत्रांचा सारा भार या एका निर्णयावर अवलंबून असतो.

भारतातच ठेवायचे असल्यास, म्हणजे परत न नेण्याच्या तत्त्वावर गुंतवल्यास, अनिवासी भारतीयाची आणि ‘ओसीआय’ कार्डधारकाची (म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीची) गुंतवणूक देशांतर्गत गुंतवणुकीसारखीच मानली जाते. या मार्गाने कंपनी आणि एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) यांखेरीज भागीदारी पेढीत व एकमालकी धंद्यातही भांडवल घालता येते, आणि सोलापुरातील बहुतेक कारखाने एकमालकी किंवा भागीदारीचेच असल्यामुळे हा मार्ग इथे सर्वांत उपयोगी आहे. शेती व लागवड, स्थावर मालमत्तेचा व्यापार आणि निधी कंपनी (सभासदांकडून ठेवी घेऊन सभासदांनाच कर्ज देणारी) यांत मात्र पैसे घालता येत नाहीत. भागीदारी किंवा एकमालकी धंद्याच्या बाबतीत छापील प्रसारमाध्यमेही वर्ज्य आहेत.

परत नेण्याच्या तत्त्वावर गुंतवायचे असल्यास रक्कम परदेशातून बँकेमार्फत किंवा एनआरई खात्यातून (अनिवासीची परदेशातील कमाई भारतात ठेवण्याचे खाते) यावी लागते, समभागांचे मूल्यांकन नियमानुसार करावे लागते, पैसे आल्यापासून ६० दिवसांत समभाग द्यावे लागतात आणि त्यानंतर ३० दिवसांत कंपनीला रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा अर्ज भरावा लागतो. लहान कारखान्याला हे झेपेल का, याचा विचार गुंतवणूकदाराने आपणहून करावा.

एनआरओ खात्यातील रक्कम, म्हणजे गावच्या घराचे भाडे किंवा वडिलोपार्जित मालमत्तेची विक्री, कर भरल्यानंतर एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. पैसे पाठवण्यापूर्वी, पाठवल्यानंतर नव्हे, सनदी लेखापालाला भेटावे.

गावाकडे शेतजमीन घेऊन डाळिंब लावायचे आहे. चालेल का?

परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली जमीन ठेवता येते, मात्र ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. पुण्या-मुंबईतल्यांनाही महाराष्ट्रात शेतकरी असल्याखेरीज साधारणपणे शेतजमीन घेता येत नाही. ‘नावावर घेऊन ठेवतो, नंतर बघू’ असे सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नये.

डाळिंबात पैसे घालण्याची अधिक चांगली जागा बांधावरून पुढे सुरू होते. सांगोल्याच्या बागायतदाराला भगव्या जातीचे फळ कसे पिकवावे हे कोणी शिकवायला नको. तेल्या रोगाशी तो वर्षानुवर्षे झगडतो आहे. त्याचे नुकसान होते ते डागी फळ कवडीमोलाने जाते तेव्हा. दाणे काढून गोठवणे, रस काढणे, प्रतवारी, शीतगृह या प्रक्रिया उद्योगांत अनिवासींना भांडवल घालता येते. शेतकरी उत्पादक कंपनीचे भागधारक मात्र उत्पादकच होऊ शकतात. बाहेरच्याने तिच्याशी लेखी खरेदी करार करावा किंवा प्रक्रियेची वेगळी कंपनी उभी करावी.

ज्वारीबाबतही तसेच. मंगळवेढ्याच्या काळ्या मातीत पाण्याशिवाय पिकणारी मालदांडी पुण्यात कोणत्या भावाने विकली जाते आणि शेतकऱ्याच्या हाती किती पडते, हे एकदा स्वतः विचारून पाहावे. कडक भाकरी व चटणी परदेशी पाठवायची असल्यास अन्नसुरक्षा परवाना, आयात-निर्यात संकेतांक आणि त्या त्या देशाच्या नियमानुसार वेष्टनावरील मजकूर लागतो. शेंगदाण्याची ॲलर्जी हा तिकडे अत्यंत गंभीर विषय असल्याने वेष्टनावर तसे ठळक लिहिणे विसरू नये. तिकडच्या दुकानांत फिरणाऱ्या माणसाला हे जेवढे कळते तेवढे इथल्या गृहउद्योगाला कळणे कठीण आहे.

चुलतभावाच्या किंवा मित्राच्या धंद्यात पैसे घालायचे आहेत. लिखापढी केली तर त्याला वाईट वाटेल का?

लिखापढी न केल्याने जे वाईट वाटते त्याच्या मानाने हे काहीच नाही. आमच्या घरात हे घडले आहे. मी बाहेर नोकरीला असताना चुलतभावाने गणवेशाचे युनिट काढले आणि त्यात मी काही रक्कम घातली. ती उसनी होती की भांडवल, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवले नाही. मला ते भागीदारीचे वाटत होते. दादाला ती धाकट्या भावाची मदत वाटत होती. पहिल्या नफ्याच्या वर्षी मी हिशेब विचारला आणि तो दुखावला. दुसऱ्या वर्षी तोटा झाला तेव्हा त्याने निम्मा वाटा उचलायला सांगितले आणि मी दुखावलो. दोघेही खोटे बोलत नव्हतो. काकूंनी दोन संक्रांती आम्हाला एका ताटात तिळगूळ देऊन समेट घडवून आणला, तरी ते युनिट काही वाचले नाही.

तेव्हापासून मी सर्वांना सांगतो की रक्कम कर्ज आहे की भाग, नफा कसा वाटायचा, तोटा कोणी सोसायचा, मालकाचा महिन्याचा पगार किती, हिशेब कोणत्या तारखेला पाठवायचा आणि बाहेर पडायचे झाल्यास किंमत कशी ठरवायची, एवढे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. थोरल्या भावाचा मान बोलण्यात राखावा. कागदावर दोघे भागीदार असतात. परदेशातून कर्ज म्हणून रक्कम द्यायची असेल तर त्याचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे ती बँकेला विचारूनच द्यावी.

नवउद्योजकाला सरकारी योजना आहेत. मग आमच्या पैशाची गरज काय?

योजना आहेत आणि त्यांचा लाभ जरूर घ्यावा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि २०१९ पासूनचा राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांत प्रवर्ग व ठिकाण यांनुसार प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत पुढे जातो. तारणाविना कर्जासाठी पतहमी निधी न्यासाची हमी आहे. पण या सर्वांत उद्योजकाचा स्वतःचा काही वाटा असावा लागतो, प्रकल्प अहवाल लागतो आणि अनुदान तीन वर्षे बँकेत अडकून राहते. त्या वाट्याची तरतूद करणे, अहवालातील विक्रीचे आकडे प्रामाणिक आहेत का हे तपासणे आणि पहिले सहा महिने धीर देणे, ही बाहेरच्या सोलापूरकराची जागा आहे.

आम्ही पन्नास-साठ जण मिळून निधी उभारू शकतो का?

शकता, आणि याची मोठी उदाहरणे आहेत. १९९९ मध्ये सुरू झालेल्या कोची विमानतळासाठी ३० देशांतील सुमारे १० हजार अनिवासी भारतीयांनी भांडवल घातले. मेक्सिकोतील साकातेकास प्रांतात अमेरिकेत गेलेल्या कामगारांच्या गावमंडळांनी दिलेल्या प्रत्येक पेसोला सरकारच्या तीन स्तरांनी एकेक पेसो जोडण्याची योजना पुढे २००२ मध्ये देशभर नेली गेली. त्यातून रस्ते आणि पाणी झाले, रोजगार देणारे उद्योग तुलनेने कमी उभे राहिले. आपल्यालाही हाच मोह होईल. कमान आणि सभामंडप डोळ्यांना दिसतात, कारखान्याचे खेळते भांडवल दिसत नाही.

एलएलपी किंवा खासगी कंपनी हे सोयीचे स्वरूप आहे. खासगी कंपनीचे सभासद २०० हून अधिक असू शकत नाहीत. ठराविक परताव्याचे आश्वासन देऊन लोकांकडून ठेवी गोळा करणे मात्र २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. व्हॉट्सॲपच्या गटावर पैसे जमा करून ‘बघू या काय होते ते’ म्हणणे टाळावे.

गुंतवणूक नको, देणगी द्यायची आहे.

भारतीय नागरिकत्व टिकवलेल्या अनिवासीने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, ती परकीय देणगी ठरते आणि स्वीकारणाऱ्या संस्थेकडे त्यासाठी ‘एफसीआरए’ नोंदणी असावी लागते. ही बाब न तपासता पाठवलेला पैसा गावातील चांगल्या संस्थेला अडचणीत आणू शकतो.

देणगीचा मला दिसणारा उत्तम उपयोग प्रशिक्षणाचा आहे. विडी वळणाऱ्या बायकांच्या पुढच्या पिढीला औद्योगिक शिलाई मशिन शिकायचे आहे. कुंभारीजवळील रे नगरसारख्या कामगार वसाहतीत, घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर असा वर्ग निघाला, तर तो गणवेश कारखानदारांनाही हवाच आहे.

परत येऊन स्वतःच काही सुरू करावे का?

आधी इथे राहून पाहावे. सॉफ्टवेअर, लेखा, अभियांत्रिकी आरेखन असे दुरून चालणारे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांनी दहा जणांचे कार्यालय सोलापुरात काढण्याचा विचार जरूर करावा. दरवर्षी इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी मुले पहिल्या नोकरीसाठी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातात आणि पगारातला मोठा हिस्सा खोलीभाड्यात घालवतात. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईला वंदे भारत आहे, विमानसेवाही सुरू झाली आहे. पाण्याचा प्रश्न मात्र लपवू नये. उजनी धरण भरलेले असतानाही शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि टॉवेल रंगवणाऱ्यापासून कार्यालय काढणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने ते हिशेबात धरावे लागते.

दूर राहून लक्ष कसे ठेवावे?

बँक खात्याचे उतारे दर महिन्याला थेट स्वतःकडे मागवावेत आणि जीएसटी विवरणपत्रे भरली जातात का ते पाहावे. मुखत्यारपत्र द्यावे लागले तर ते एका ठराविक कामापुरतेच द्यावे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून किंवा तिथल्या नोटरीकडून अपोस्टिलसह (परदेशी कागदपत्राच्या खरेपणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

गावी यायचे तर केव्हा यावे आणि काय पाहावे?

संक्रांतीच्या सुमारास, सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला यावे. ९ जानेवारीचा प्रवासी भारतीय दिवसही त्याच आठवड्याच्या आगेमागे असतो आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी बाहेरगावचे सोलापूरकर तेव्हा गावात असतातच. मात्र तीन दिवस हातात असतील तर त्यांपैकी एक सकाळ होटगी रस्ता किंवा चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीसाठी, आणि एक दुपार पूर्व भागातील मागांसाठी राखून ठेवावी. यात्रेच्या मुख्य दिवसांत अनेक कारखाने बंद असतात, त्यामुळे भेटीची वेळ आधी फोन करून ठरवावी. सोबत आपल्याला हव्या असलेल्या मापाचा एक टॉवेल घेऊन यावा. मागवाल्याला फोटोपेक्षा कापड हातात घेऊन बोलणे सोपे जाते.